तीळ-मस्सा काढल्यावर कोरडी पट्टी, व्हॅसलीन की जेलवाली पट्टी?

मे महिन्यात आईच्या गालावरचा मोठा तीळ वरच्यावर खरवडून काढला, टाके नाहीत, जखम आपोआप भरू द्यायची. पहिल्या दिवशी घराजवळच्या दवाखान्यात नुसतं कोरडं गॉज लावून दिलं. दुसऱ्या दिवशी ते जखमेला असं चिकटलं की काढताना आईने पलंगाची कड घट्ट धरली, शेवटी सलाइनने दहा मिनिटं भिजवून एकेक धागा सोडवला, तरी रक्त आलंच. म्हणून सांगते, कोरडं गॉज थेट जखमेवर नको, वरून झाकायला चालेल.

"हवा लागू दे, खपली धरू दे" असं आमच्या सुदामानगरातही सगळे सांगतात, पण १९६२ मध्येच विंटर नावाच्या संशोधकांनी डुकरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की ओलसर ठेवलेली जखम उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने वरून भरते. खपली आली की नव्या कातडीला तिच्याखालून वाट काढावी लागते.

साध्या घरासाठी माझं मत व्हॅसलीनला. रोज साबण-पाण्याने हलक्या हाताने धुवायचं, टिपायचं, व्हॅसलीनचा जाडसर थर, वर न चिकटणारा पॅड आणि टेप. ट्यूब नवीन घ्या, घरातल्या बोटं घातलेल्या डबीतलं नको. अँटीबायोटिक मलमच हवं असंही नाही, १९९६ मध्ये अमेरिकेत ९०० हून जास्त पेशंटवर व्हॅसलीन आणि बॅसिट्रॅसिन या अँटीबायोटिक मलमाची तुलना केली तेव्हा इन्फेक्शनमध्ये म्हणण्यासारखा फरक निघाला नाही, उलट बॅसिट्रॅसिनने काहींना ॲलर्जी झाली. निओमायसिन या दुसऱ्या अँटीबायोटिकनेही बऱ्याच जणांना खाज-पुरळ येतं. हळद, पावडर, सॅव्हलॉन यातलं काही भरू नका.

हायड्रोकोलॉइड म्हणजे जेलवाली पट्टी महाग, पण ३-५ दिवस तशीच राहते, रोज ड्रेसिंग करायला घरी कोणी नसेल तर हीच घ्या. तिच्याखाली पिवळट, वास येणारं जेल जमतं, त्याला पू समजून घाबरू नका. मात्र जखम आधीच पिकलेली असेल तर ही लावायचीच नाही.

पारदर्शक फिल्म टाके घातलेल्या कोरड्या जखमेला छान, आत काय चाललंय दिसतं, अंघोळ करता येते, पण ती जखमेतून येणारं पाणी शोषत नाही, त्यामुळे पाझरणाऱ्या जखमेवर उपयोग नाही, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने कडा सुटतात.

लाली पसरत गेली, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, पू किंवा ताप आला तर पट्टी बदलत बसू नका, ज्यांनी काढलं त्या डॉक्टरांनाच दाखवा. रक्त आलं तर स्वच्छ गॉजने १५ मिनिटं सलग दाबून धरा, मधे उचलून बघायचं नाही.