ट्रान्सफॉर्मर साइझिंगचं ॲप: केव्हीए चोख, केव्हीएआर अर्धवट

लोड लिस्टवरून (वीज घेणाऱ्या उपकरणांच्या यादीवरून) ट्रान्सफॉर्मर किती मोठा हवा ते ठरवणं हे माझं रोजचं काम. आठ महिन्यांपासून त्यासाठी हे ॲप वापरते आहे आणि प्रत्येक उत्तर अजून वहीत ताडून बघते. चूक झाली तर ट्रान्सफॉर्मर वीस-पंचवीस वर्षं तिथेच उभा राहणार असतो.

आधी जे मनापासून आवडलं ते. मोटर भरताना ॲप एफिशियन्सी विचारतं. नेमप्लेटवरचे ७५ किलोवॅट हे शाफ्टवर मिळणारे असतात. ९४ टक्के एफिशियन्सी धरली तर मोटर लाइनमधून जवळपास ८० घेते. अनुभवी माणसांच्या लोड लिस्टमध्येही हा फरक सुटलेला मी पाहिला आहे. डिमांड फॅक्टर, म्हणजे जोडलेल्या लोडपैकी एका वेळी प्रत्यक्षात लागणारा हिस्सा, हाही प्रत्येक फीडरला (वीज पुरवणाऱ्या लाइनला) वेगळा देता येतो, सगळ्यांवर एकच आकडा लादला जात नाही.

एका कामात कनेक्टेड लोड ४०० किलोवॅट होता. डिमांड फॅक्टर ०.७ धरून २८० उरले आणि ०.८ पीएफला (पॉवर फॅक्टर, म्हणजे किलोवॅट भागिले केव्हीए) ते ३५० केव्हीए झाले; केव्हीए म्हणजे ट्रान्सफॉर्मरला वाहावी लागणारी एकूण पॉवर. पुढच्या वाढीसाठी २० टक्के धरल्यावर ४२०, म्हणून ॲपने ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर सुचवला. वहीतही तेच आलं. सर्वांत मोठी मोटर सुरू होताना व्होल्टेज किती खाली जाईल तेही पुढच्याच स्क्रीनवर दिसतं. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

अडचण रिॲक्टिव्ह लॉसच्या स्क्रीनवर आहे, म्हणजे ट्रान्सफॉर्मर स्वतः किती केव्हीएआर खातो ते सांगणाऱ्या स्क्रीनवर. (केव्हीएआर म्हणजे रिॲक्टिव्ह पॉवर: ती प्रत्यक्ष काम करत नाही, पण चुंबकीय क्षेत्रासाठी लागते आणि पीएफ खाली आणते.) तिथे फक्त रेटिंग आणि टक्के इम्पीडन्स (ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा अंतर्गत अडथळा) विचारतात. ५०० केव्हीए, ४ टक्के टाकलं की उत्तर येतं २० केव्हीएआर. हा आकडा पूर्ण लोडचा झाला. लीकेज रिॲक्टन्समधला (त्या अडथळ्याच्या चुंबकीय भागातला) लॉस करंटच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून ३५० केव्हीएला, म्हणजे ७० टक्के लोडला, तो २० च्या ०.४९ पट होतो: ९.८. शिवाय कोअर मॅग्नेटाइझ करायला लागणारे केव्हीएआर लोड असो वा नसो, चालूच राहतात. नो-लोड करंट (लोड नसतानाही ट्रान्सफॉर्मर घेतो तो करंट) १ टक्का असेल तर ते ५. बेरीज साधारण १५. ॲप एक भाग जास्त धरतं आणि दुसरा विचारतच नाही. (काटेकोर हिशोबात इम्पीडन्सऐवजी रिॲक्टन्स घ्यायला हवा. या रेटिंगला फरक किरकोळ आहे, लहान ट्रान्सफॉर्मरला तो दिसू लागतो.)

हे मी एवढं ताणून का सांगते आहे? वीज बिलाचा मीटर एचटी (हाय टेन्शन, ट्रान्सफॉर्मरच्या जास्त व्होल्टेजच्या) बाजूला असेल तर ट्रान्सफॉर्मरचे केव्हीएआरही त्यात मोजले जातात. वरच्याच कामात लोडचे केव्हीएआर २१० होते; एलटीवर (लो टेन्शन, लोडच्या बाजूला) पीएफ ०.९८ करायला ॲपने १५३ केव्हीएआरची कपॅसिटर बँक (केव्हीएआर पुरवणारा कपॅसिटरचा संच) सांगितली आणि एलटीपुरतं ते बरोबर आहे. पण उरलेल्या ५७ मध्ये ट्रान्सफॉर्मरचे साडेअकरा (बँकेमुळे लोड २८६ केव्हीएवर आल्याने लीकेजचे साडेसहा, अधिक मॅग्नेटाइझिंगचे ५) मिळवले की एचटीवर पीएफ ०.९७ च येतो. ज्याला एचटी मीटरवर ०.९८ गाठायचा आहे, त्याला बँक थोडी मोठी घ्यावी लागेल. ॲपमध्ये मीटर कोणत्या बाजूला आहे हा प्रश्नच नाही. माझ्या मते सुरुवातीलाच तो विचारायला हवा.

रात्रीचा हिशोब तर आणखी बिघडतो. समजा रात्री फक्त २० किलोवॅटची लाइटिंग आहे आणि तिचा पीएफ ०.९८. त्या लोडचे केव्हीएआर ४, मॅग्नेटाइझिंगचे ५. एचटीवर पीएफ ०.९१ च्या आसपास घसरतो. ॲप मात्र रात्रीसुद्धा तेच २० दाखवतं. त्यावर विश्वास ठेवून कुणी २० केव्हीएआरचा फिक्स्ड कपॅसिटर कायमचा जोडला, तर रात्रभर पीएफ लीडिंग राहील, म्हणजे कपॅसिटर गरजेपेक्षा जास्त केव्हीएआर देत राहील.

तेव्हा केव्हीए काढायला हे ॲप जरूर घ्या, मीही ठेवणार आहे. लॉसची स्क्रीन मात्र सोडा आणि टेस्ट सर्टिफिकेटवरचा नो-लोड करंट घेऊन वहीत दोन ओळींचा हिशोब करा. वरच्या कामात मी ट्रान्सफॉर्मरच्या एलटी बाजूला ५ केव्हीएआरचा फिक्स्ड कपॅसिटर सुचवला आणि बाकीचं एपीएफसी पॅनलवर (लोडप्रमाणे कपॅसिटर आपोआप जोडणाऱ्या-काढणाऱ्या पॅनलवर) सोडलं.