तान्ह्या पोळ्यासाठी सीएसआर 'करून देणारा' भाऊ

नागपुरात वस्तीचा तान्हा पोळा भरवणाऱ्यांना पैशाचं गणित समजावून सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा पोळा, त्याच दिवशी तिकडे मारबतीची मिरवणूक, आणि दोन-चार दिवसांत गणपती. आम्ही वर्गणीला दुकानाची पायरी चढेपर्यंत दोन-तीन गणेश मंडळं येऊन गेलेली असतात. दुकानदार आम्हाला बघूनच हात जोडतो. इकडे लाकडी नंदी सजवून येणाऱ्या लेकरांकडून प्रवेश फी घ्यायची नाही, हे मंडळाचं पहिल्यापासून ठरलेलं. राबणारे सगळे वस्तीतलेच, फुकट. पण मंडपवाला, स्पीकरवाला फुकट येत नाही, आणि प्रत्येक पोराच्या हातावर बोजारा, म्हणजे पोळ्याचा खाऊ-भेट, तर पडलाच पाहिजे.

नेमका याच दिवसांत हा माणूस उगवतो. आमच्याकडे शेजारच्या लेआउटमधल्या एका काकांच्या ओळखीने आला. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कुठल्याशा फाउंडेशनचं ओळखपत्र.

"भाऊ, तुम्ही दारोदार काऊन फिरता? कंपन्यांजवळ सीएसआरचा पैसा पडून राह्यते. मार्चच्या आत नाही लावला तं त्यांनाच तरास. तीन लाख तं मी असेच करून देतो."

मार्चची घाई ऑगस्टमध्ये कुणाला असते, हे त्या बैठकीत कुणी विचारलं नाही. कारण त्याचं अर्धं बोलणं खरं होतं. सीएसआर म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. उरलेलं अर्धं तो सांगत नाही. संस्थेमार्फत हा पैसा द्यायचा तर साधारणपणे ती संस्था १२ए आणि ८०जी या करसवलतीच्या आयकर नोंदण्या असलेली, तीन वर्षं तसं काम केलेली आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा नोंदणीचा फॉर्म भरलेली लागते. वर, एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरले जाणार नाहीत, असं कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ च्या परिपत्रकातच सांगितलं होतं. म्हणजे एका दिवसाच्या तान्ह्या पोळ्याला हा पैसा मिळणं मुळातच कठीण. हे आम्हाला नंतर एका ओळखीच्या सीएने सांगितलं, चहा पिता पिता, दोन मिनिटांत.

तर त्या फाउंडेशनवाल्या माणसाने आधी ११ हजार घेतले, '८०जीची फाइल चार्ज' म्हणून. हा अर्ज आयकर खात्याच्या पोर्टलवर होतो आणि त्याला सरकारी फी नाही. सीए आपली फी घेतो, त्याचं बिल देतो. याने बिल दिलं नाही, एका बाईच्या नावाचा यूपीआय दिला. मग मंजुरीचं पत्र आलं, व्हॉट्सॲपवर, पीडीएफ. खाणीच्या धंद्यातल्या एका मोठ्या कंपनीचं लेटरहेड. आमच्या खजिनदारांनी ते मोबाइलवर बोटांनी मोठं करून पाहिलं. सहीभोवती फिकट राखाडी चौकट होती, दुसऱ्या कागदावरून कापून डकवलेली. खाली कंपनीचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक. हा क्रमांक २१ अक्षरी असतो, यात १८ भरली. आणि ईमेल साधा जीमेलचा.

त्यावर विचारलं तर म्हणाला, "ते प्रोव्हिजनल आहे जी." आणि लगेच पुढची मागणी: तीन लाखांवर १८ टक्के जीएसटी, ५४ हजार, आधी भरा, नंतर परत मिळतात. देणारा घेणाऱ्याकडून आगाऊ कर मागतो, हे ऐकून मंडळातल्या एका काकू फिसकन हसल्याच. बदल्यात जाहिरात वगैरे काही नसेल तर निव्वळ देणगीवर जीएसटी लागतच नाही. आम्ही नाही म्हटलं.

इथवर ऐकून लोक म्हणतात, ११ हजारांवर सुटले. खरी लूट पुढे होती. 'कंपनीच्या साहेबाला दाखवायला' म्हणून त्याने आमची कोरी लेटरहेडं आणि जुनं पावतीपुस्तक नेलं होतं. काही दिवसांनी आम्ही इतवारीत एका ओळखीच्या किराणावाल्याकडे गेलो, तर तो म्हणाला, "तुमची पोरं तं नेऊन गेली ना २१०० रुपये." गल्ल्यातून पावती काढून समोर ठेवली. मंडळाचं नाव, नोंदणी क्रमांक, लाल नंदी, सगळं आमचं. फक्त कलर झेरॉक्स. त्या ओळीतल्या आणखीही दुकानांत तसल्याच पावत्या निघाल्या. आमच्या नावावर पैसे गेले, आणि वर्षभर जपलेली ओळखही.

यूपीआयच्या पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. पैसे जाताच तासा-दोन तासांत तक्रार झाली तर खात्यात अडकवता येतात. आमचे तोवर पुढे सरकले होते. पावत्यांची तक्रार पोलीस ठाण्यात दिली, झेरॉक्स जोडून. ठाण्यात हवालदारांनी एक कामाचं विचारलं: पुस्तक कुणाच्या ताब्यात होतं, त्याची पोच आहे का? नव्हती. आता पुस्तकं नंबर टाकून एकाच माणसाकडे असतात, आणि कोरं लेटरहेड कुणालाच जात नाही. ज्यांचं मंडळ नोंदलेलं नाही, त्यांनी वर्गणी काढायच्या आधी धर्मादाय आयुक्तालयाकडून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ सीची, म्हणजे वर्गणी गोळा करायची परवानगी घ्यावी. दुकानदाराला दाखवायला तेवढा एक कागद बरा पडतो.

पोळा झाला. स्टेज नव्हतं, समाजभवनाच्या ओट्यावर भागवलं. बोजारा सगळ्यांना पुरला, कारण गल्लीतल्या घरांनी चिवडा आणि बिस्किटं स्वतःहून आणून दिली.

तो माणूस मात्र नंबर बदलून फिरतोच आहे. आता शारदोत्सव मंडळांना फोन जातात असं कळलं. सुरुवात तीच, "दारोदार काऊन फिरता". इतवारीत ज्यांच्याकडे आमच्या मंडळाची यंदाची पावती असेल, त्यांनी तिच्यावर नंबराचा शिक्का आणि खजिनदारांची पेनाची सही आहे का ते पाहावं. नसेल तर ती फाडू नका. फोटो काढून ठाण्यात द्या, आमच्या तक्रारीला जोडता येईल.