सिगारेट मोजणारा बँड, सात महिन्यांनंतर (आणि माझी मिशी)

गेल्या आठवड्यात बँड मेला. चार्जिंगच्या पिना घामाने हिरव्या पडल्या आणि चार्जच घेईना. वॉरंटीत नवीन मिळाला म्हणून खूश होऊन घातला, तर पहिल्याच संध्याकाळी ऍप म्हणतंय आज 17. सतरा?? मी ओढल्या होत्या सहा, उरलेल्या अकरा माझ्या मिशीने ओढल्या.

हे मिशी प्रकरण नीट सांगतो कारण कुठल्याच रिव्ह्यूत ते नाहीये, सगळे बॅटरी किती दिवस चालते यातच अडकलेत.

आधी एक लक्षात घ्या, बँडला धूर वगैरे काही कळत नाही. आत ऍक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप, मनगट कसं कललं आणि किती वळलं एवढंच त्याला दिसतं. हात वर गेला, तोंडापाशी सेकंद-दोन सेकंद थांबला, खाली आला, अर्ध्या मिनिटाने परत तेच, असं पाच-सहा मिनिटांत दहाएक वेळा झालं की एक सिगारेट. एकटादुकटा हात वर गेला तर सोडून देतो म्हणून पाणी प्यायलो की फसत नाही, जेवतानाही माझा फारसा नाही फसला. पण मला विचार करताना मिशी पिळायची सवय आहे. हात वर, दोन बोटं ओठाशी, दोन सेकंद, खाली. बोटंसुद्धा सिगारेट धरायचीच. बँडच्या नजरेने एक नंबर झुरका!

पहिले दोन महिने मी सर्व्हिसवाल्यांशी भांडतच होतो. "सर, बँड कुठल्या हातात घालता?" हे चार वेळा विचारलं. (तसं त्यांचं चूक नाही, घड्याळासारखा डाव्या हातात घातला आणि सिगारेट उजव्या हातात असली तर त्याला काय दिसणार, माझे पहिले चार दिवस शून्य आले होते आणि बायको भलतीच खूश होती.) मग एकदा तापात पडलो, दिवसभर एकही ओढली नाही, तरी याने 4 दाखवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्बन मोनॉक्साइडच्या (सिगारेटच्या धुरातून अंगात जाणारा वायू, श्वासात सापडतो) मीटरमध्ये फुंकलं, रीडिंग एकदम कमी, फोटो काढून पाठवला. उत्तर आलं की तो वायू चार-पाच तासांत निम्मा होतो, त्यामुळे कालच्या सिगारेटींचा पुरावा म्हणून धरता येणार नाही. बरोबर होतं, त्याचाच जास्त राग आला.

मग म्हटलं आता पुराव्यानिशीच बोलू. आठवडाभर प्रत्येक थोटूक एका डबीत टाकलं, शेजारी वहीत माझी आठवणीने नोंद. सात दिवसांनी बँड 109, त्यातल्या मिशीच्या 19 मी तिथल्या तिथे "नाही" दाबून खोडलेल्या, म्हणजे खऱ्या 90. डबीत थोटकं 97. त्याच्या सुटलेल्या सात म्हणजे गाडी चालवताना डाव्या हाताने ओढलेल्या. आणि माझी वही? 71. डॉक्टरांना मी वर्षानुवर्षं बिनधास्त "दहा" सांगत आलोय, सर्व्हेत पण म्हणे लोक 10 नाहीतर 20 असाच गोल आकडा सांगतात. माझ्या न लिहिलेल्या बहुतेक फोनवर बोलतानाच्या, त्या माझ्या हिशोबात सिगारेटीच नव्हत्या.

त्यानंतर माझा सूर बदलला हे मान्य करतो. दुसरा धक्का सकाळचा. फागरस्ट्रॉम टेस्टमध्ये (निकोटीनचं व्यसन किती पक्कं ते मोजणारी प्रश्नावली) पहिलाच प्रश्न असतो की उठल्यावर किती वेळात पहिली ओढता, मी "तासाभराने" वर टिक करून मोकळा झालो होतो. बँड रात्री हातातच असतो त्यामुळे उठल्याची वेळ त्याला माहीत, त्याने सरासरी काढली 11 मिनिटं. आता सव्वा तासावर आणलीय. हे एकच फीचर पैसे वसूल. तीस दिवसांपेक्षा जुना ग्राफ बघायला मात्र सबस्क्रिप्शन मागतात, मी देत नाही, महिनाअखेरीला स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

आणि अचूकतेवरून फार बोंबलायला नको. 2014 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या लोकांनी रिस्क्यू नावाची अशीच मनगटावरची सिस्टिम केली होती, तिने 81 टक्के झुरके पकडले आणि पकडलेल्यांपैकी 91 टक्के खरे निघाले. 2015 च्या पफमार्कर नावाच्या तसल्याच सिस्टिममध्ये छातीला श्वास मोजणारा पट्टा पण होता, म्हणजे हाताबरोबर झुरक्याचा श्वासही तपासायचा. मिशी पिळून कोणी खोल श्वास ओढत नाही, तिथेच माझा प्रश्न मिटला असता, पण रोज छातीला पट्टा बांधून फिरणार कोण.

माझ्या जुन्या बँडला मी "नाही, नाही" दाबून दाबून शिकवलं होतं. पाचव्या महिन्यापर्यंत मिशीच्या सिगारेटी आठवड्याला एखाद-दुसरी एवढ्यावर आल्या होत्या! आणि आता कळतंय की ते सगळं शिक्षण त्या मेलेल्या बँडमध्येच होतं, माझ्या अकाउंटवर नाही. ग्राफ सगळे आले, शहाणपण गेलं. फोन केला तर म्हणे, "सर, नवीन युनिटला परत ट्रेन करावं लागेल, तोपर्यंत मिशीला दुसरा हात लावून बघा."

बघतोय. चार दिवस झाले, आकडा बरोबर येतोय, पण डाव्या हाताने मिशी उलटी वळते.