तेरियाकी सॉसची तयार बाटली इकडच्या मासोळीसाठी घ्यावी का?

कुरिअर आता पूर्व विदर्भात पवनी, साकोली, अर्जुनी मोरगावपर्यंत येतं, त्यामुळे तेरियाकीची, म्हणजे सोया आणि साखरेच्या जपानी गोड-खारट सॉसची, बाटली मागवणं अवघड राहिलेलं नाही. मागवावी का, एवढाच प्रश्न आहे. मासोळी तव्यावर शिजवायची असेल तर मागवू नका. त्या पैशात जपानी पद्धतीने आंबवलेला चांगला सोया सॉस घ्या. साखर, आलं आणि थोडं व्हिनेगर घरात असतंच. त्यातून मासोळीवर जी चकाकी येते, ती तयार बाटलीतून येत नाही.

बाजारात दोन तऱ्हेच्या बाटल्या आहेत. एक पातळ, मुरवण्यासाठीची. दुसरी घट्ट, मधासारखी ओतली जाणारी, आणि फोटोत चमकते ती हीच. घट्ट बाटलीचं लेबल वाचा. साखर पहिल्या दोन-तीन नावांत असते, आणि खाली बहुधा आयएनएस १४४२ किंवा आयएनएस ४१५ असे आकडे सापडतात. पहिला म्हणजे सुधारित स्टार्च, दुसरा झँथन गम. दाटपणा आणि चमक आधीच बाटलीत भरलेली आहे, आणि अडचण तिथेच आहे. जपानी घरात ही चकाकी तव्यावर तयार होते: पातळ रस मासोळीवर उकळतो, पाणी उडतं, साखर आणि सोया दाट होत जातात आणि थरावर थर चढतो. आधीच दाट असलेल्या सॉसला आटायला जागाच उरत नाही. तो तव्याला लागतो, कडेने करपतो, आणि मासोळीवर बसतो तो जाड, निस्तेज लेप. शिवाय लसूण, कधी अननसाचा रस, हा सगळा अमेरिकेत रुळलेल्या तेरियाकीचा साज आहे. कोंबडीला तो चालतो. ताज्या मासोळीची चव त्याखाली दबते.

जपानी घरांतलं प्रमाण अगदी साधं आहे. सोया सॉस, मिरिन आणि साके हे तिन्ही सारखे, आणि वर थोडी साखर. साके ही तांदळाची दारू, तर मिरिन ही तांदळाची गोड दारू, त्यात अल्कोहोल साधारण १४ टक्के. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, त्यामुळे तिथे तो विषयच नको. इतर जिल्ह्यांतही त्यामागे धावायची गरज नाही. मिरिनच्या धर्तीचं म्हणून जे विकतात, ज्यात अल्कोहोल १ टक्क्याहूनही कमी असतं, ते मुख्यतः साखरेचा पाक आहे. त्यासाठी वेगळे पैसे घालवू नका. मिरिनचा गोडवा साखरेतून येतो, आणि दारू जो मासोळीचा वास मारते ते काम आल्याचा रस बऱ्यापैकी करतो.

खर्च करायचा तो सोया सॉसवर. किक्कोमानसारख्या नैसर्गिक आंबवलेल्या सॉसचं लेबल वाचा: पाणी, सोयाबीन, गहू, मीठ. सोयाबीन आणि गहू साधारण सारखे घेऊन त्यावर कोजी बुरशी वाढवतात आणि मिठाच्या पाण्यात कित्येक महिने मुरवतात. ज्या सोयाबीनला आपण मंडीतला भाव आणि तेल यापलीकडे ओळखत नाही, त्याची ही दुसरी बाजू चाखण्यासारखी आहे. किराणा दुकानातला काळाभोर डार्क सोया यासाठी घेऊ नका. त्यात कॅरॅमल रंग असतो, म्हणून रस पहिल्या मिनिटापासून काळा दिसतो आणि आटला किती, करपतोय का, हे रंगावरून कळतच नाही. दुसरा इलाजच नसेल तर लाइट सोया घ्या. तोही नसेल तर डार्क सोया सांगितलेल्या मापाच्या निम्मा घ्या, बाकी पाणी, आणि चव घेऊन चिमूटभर मीठ.

अर्धा किलो मासोळीसाठी, म्हणजे चार चांगल्या तुकड्यांसाठी, माप असं: सोया सॉस ३ मोठे चमचे, म्हणजे ४५ मिली. पाणी ४ मोठे चमचे. साखर सपाट ३ मोठे चमचे. आल्याचा रस १ छोटा चमचा. साधं व्हिनेगर अर्धा छोटा चमचा. साखर विरघळेपर्यंत हलवून बाजूला ठेवा. १५० मिलीच्या बाटलीत हे तीनदा होतं. साखरेऐवजी सगळा गूळ घालायचा मोह होतो, तो टाळा. गुळातली साखर काही अंशी आधीच फुटलेली असते, म्हणून ती लवकर तपकिरी होऊन कडवट होते, आणि गुळाची स्वतःची चव सोयाला झाकते. एक चमचा साखर कमी करून तेवढा गूळ घातला तर रंग मात्र छान येतो.

आता मासोळी. जपानमध्ये यासाठी बुरी नावाची समुद्री मासोळी लाडकी, आणि तिच्यात चरबी भरपूर. आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांतली, इटियाडोह किंवा गोसीखुर्द धरणाच्या पाण्यातली मासोळी त्यामानाने कोरडी, म्हणून तुकडा जाड हवा, २ ते अडीच सेंटिमीटर. पहिली पसंती मरळ. मांस घट्ट, उलटताना फुटत नाही, आणि आतले बारीक काटे जवळपास नाहीत. खवले काढून कातडी ठेवायला सांगा. कातडीवरच चकाकी उत्तम बसते. मरळ महाग वाटत असेल तर दोन किलोच्या वरच्या कतल्याचा पोटाकडचा भाग घ्या, तिथे चरबी असते. रोहूचा शेपटीकडचा भाग नको. त्यातले दोन फाट्यांचे बारीक काटे चिकट, गडद रसाखाली दिसत नाहीत आणि लेकरांच्या घशात अडकतात. रस्स्यासाठी जसे पातळ तुकडे पाडून देतात तसे इथे चालत नाहीत, म्हणून सुरी लागायच्या आधीच मासोळी विकणाऱ्या ढिवरदादांना सांगून ठेवा. गोठवलेला बासा घेतलाच तर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्या आणि फडक्यात धरून हलकेच दाबा, नाहीतर तव्यात पाण्याचं तळं होतं.

जपानी उनागी, म्हणजे चकाकी चढवलेली ईल, पाहून वाम आणायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. दिसायला दोन्ही लांब, पण कुळं वेगळी. उनागी चरबीने ओथंबलेली असते, वाम सडपातळ आणि घट्ट. वाम वाईट लागत नाही, पण उनागीची मऊ चव तिच्याकडून मागू नका, आणि पाठीवरचे टोकदार काटे आधी काढून घ्या.

पोटातला काळा पापुद्रा पूर्ण खरवडून काढा. उन्हाळ्यात तलाव आटले की मासोळीला जो मातकट वास येतो, तो पाण्यातल्या शेवाळासारख्या जीवांनी तयार केलेल्या जिओस्मिनचा. आंबट लागलं की तो कमी होतो, म्हणून तुकड्यांना लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून दहा मिनिटं ठेवा आणि धुऊन टाका. मग अर्ध्या किलोला एक छोटा चमचा मीठ लावून पंधरा-वीस मिनिटं. वर पाण्याचे थेंब दिसू लागतात. ते पाणी आणि मीठ धुऊन फडक्याने अगदी कोरडं पुसा, कारण पुढे सगळा खारटपणा सोयातूनच येणार आहे. हाताला सवय असते म्हणून हळद लावू नका. रंग पिवळट होतो आणि सोयाशी तिचा मेळ बसत नाही. सोया-साखरेच्या रसात तासभर मुरवूनही ठेवू नका. कातडीला लागलेली साखर मासोळी शिजायच्या आधीच जळते. शिजवायला घेताना दोन्ही बाजूंना कॉर्नफ्लोर किंवा तांदळाच्या पिठाचा अगदी पातळ हात फिरवा आणि जास्तीचं झटकून टाका. रस याच पिठाला धरतो.

भांड्यावर निम्मा खेळ आहे. पोळीचा तवा मध्ये खोलगट असतो. रस मध्यभागी जमतो, तिथले तुकडे उकडतात आणि कडेचे कोरडे राहतात. सपाट तळाचा नॉनस्टिक पॅन घ्या, २४ सेंटिमीटरचा चार तुकड्यांना पुरतो. लोखंडी सपाट तव्यावर मासोळी भाजायला हरकत नाही, पण खारट-आंबट रस त्यात उकळला तर तव्याला चढलेलं तेलाचं वंगण निघतं. रस वेगळ्या छोट्या गंजात, म्हणजे पातेल्यात, आटवा.

पॅन मध्यम आचेवर तापवा. दोन छोटे चमचे सोयाबीन किंवा शेंगदाण्याचं रिफाइंड तेल घाला, जवसाचं नको. तुकडे कातडी खाली करून ठेवा आणि पहिली वीस-तीस सेकंद उलथन्याने हलके दाबा, नाहीतर कातडी आकसून तुकडा वाकडा होतो. मग चार मिनिटं हात लावू नका. कातडी भाजली की तुकडा आपणहून सुटतो. सुटत नसेल तर अजून वेळ आहे, खरवडायला गेलात तर कातडी पॅनलाच राहील. उलटून दोन-तीन मिनिटं, आणि तुकडे ताटलीत काढा. आता जी पायरी बहुतेक जण गाळतात ती: पॅनमधलं सगळं तेल कागदाने पुसून घ्या. तेल राहिलं तर रस मासोळीवरून ओघळून जातो, आणि ‘सॉस चिकटतच नाही’ या तक्रारीचं कारण दहांतून नऊ वेळा हेच.

रस ओता आणि आच थोडी वाढवा. आधी बारीक, पांढरा, पाणचट फेस येतो. दीड-दोन मिनिटांत बुडबुडे मोठे, चकचकीत आणि संथ होतात, आणि उलथन्याने ओढलेली रेघ क्षणभर उघडी राहून मग भरते. एकतारी पाकाच्या जरा अलीकडे. त्याच वेळी तुकडे परत ठेवा, कातडी वर, आणि पॅन तिरपा धरून चमच्याने रस वर ओतत राहा, साधारण एक मिनिट. मापाचा रस जवळपास निम्मा उरला की आच बंद. हवा त्याहून थोडा पातळ असतानाच थांबा, कारण निवताना तो आणखी दाटतो. चुलीवर करत असाल तर आच एकदम कमी होत नाही, म्हणून रेघ दिसायला लागताच पॅन खाली उतरवा आणि पुढचं रस ओतणं जमिनीवर ठेवूनच करा.

रस फार आटून तार निघाली तर एक चमचा पाणी घालून हलवा, पुन्हा सैल होतो. पण करपलेला वास आला की तो वाचत नाही. फेकून द्या, पॅन धुवा, नवा रस करा. कडवटपणा साखरेने झाकत नाही. तुकडा शिजला का हे पाहायला मणक्याजवळ सुरीचं टोक घाला: मांस पांढरं, अपारदर्शक आणि काट्यापासून सुटलेलं हवं. जपानी पाककृतींत मासोळी कधी कधी आत थोडी कच्ची ठेवतात, ती रीत गोड्या पाण्याच्या मासोळीला लावू नका. तिच्यातल्या कृमींमुळे ती कच्ची खाणं धोक्याचं आहे. सोया सॉसमध्ये मीठ १६ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून रक्तदाब असलेल्यांना पॅनमधला उरलेला रस वाढू नका.

तयार बाटली आधीच घरात आली असेल तर ती वाया घालवायची नाही. चार मोठे चमचे सॉसमध्ये दोन चमचे पाणी आणि अर्धा चमचा व्हिनेगर मिसळा, मासोळी पूर्ण शिजवून घ्या आणि शेवटच्या मिनिटातच हे ओता. आटवायला जाऊ नका, फक्त माखा. पातळ मुरवण्याची बाटली त्यामानाने बरी, ती थोडी साखर घालून आटवता येते. पण दोन्ही बाटल्या संपल्या की पुन्हा मागवाव्यात असं मला वाटत नाही.

वर भाजलेले पांढरे तीळ आणि बारीक चिरलेली कांद्याची पात. सांबार, म्हणजे कोथिंबीर, नको, त्याचा वास सोयावर चढतो. जपानी भात चिकट असतो, आपला एचएमटी मोकळा. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी शोधलेलं हे वाण या मासोळीबरोबर छान लागतं, फक्त नेहमीपेक्षा अर्धी वाटी पाणी जास्त घालून मऊ शिजवा, म्हणजे रस भातात मुरतो. उघडलेला सोया सॉस मात्र ओट्यावर ठेवू नका. आपल्या मे महिन्यात तो काही आठवड्यांत काळा आणि चवीला जड होतो. झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा, आणि फ्रिज नसेल तर बाटली लहानच मागवा.