खोट मीटरमध्ये नव्हती, मापात होती: डिझेल मोजून घेणाऱ्यांसाठी इशारा

टँकरमधून येणारे डिझेल मी स्वतःच्या मीटरने मोजून घेतो आणि बिलही त्याच आकड्यावर चुकते करतो. हे ठाऊक असलेल्या पुरवठादाराने मीटरचे कॅलिब्रेशन (मीटर बरोबर मोजतो का ते तपासून जुळवणे) मोफत करून देतो असे सांगून माणूस पाठवला. त्या तंत्रज्ञाने स्वतःचे २० लिटरचे माप खुणेपर्यंत भरले, मीटरवर १९.६० दिसताच मीटर झिजल्याचा निर्वाळा दिला, प्रतिलिटर ५० पल्सचा (मीटर एका लिटरसाठी जितके संकेत मोजतो त्याचा) आकडा ४९ केला, म्हणजे मीटर तेवढ्याच डिझेलला सुमारे दोन टक्के जास्त दाखवू लागला, आणि प्रमाणपत्र हाती ठेवले.

मीटरमधले गिअर झिजले की त्यांच्या फटीतून द्रव न मोजता निसटतो आणि मीटर कमी दाखवतो, हे खरेच आहे. त्यामुळे माझ्या जागी कोणीही विश्वास ठेवला असता. तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. झिजेची चूक मंद प्रवाहात वाढते आणि वेगवान प्रवाहात कमी होते. त्याने माझ्यासमोर दोन्ही प्रवाहांवर माप भरले आणि दोन्ही वेळा आकडा १९.६०च आला. चूक प्रत्येक वेगाला तंतोतंत सारखी येत असेल तर आधी मापावर संशय घ्यावा. शिवाय त्याने कोरडेच माप भरले होते, आणि फेस बसण्याआधीच वाचन घेतले होते. माप आधी ओले करून ठरलेला वेळ निथळू द्यायचे असते; हे न करणाऱ्याला मीटरला हात लावू देऊ नका.

पुढच्या खेपेला तोच माणूस आला तेव्हा मी त्याचे माप रिकामे आणि नंतर पाण्याने भरून काट्यावर ठेवले. २० अंश सेल्सिअसला २० लिटर पाणी काट्यावर सुमारे १९.९४ किलो भरते, इथे १९.५४ किलोच भरले; म्हणजे माप १९.६० लिटरचेच होते आणि माझा मीटर बरोबर होता. दरम्यान मी १२,००० लिटरचे पैसे दिले होते आणि मिळाले होते ११,७६० लिटर. २४० लिटर डिझेल सरळ लुबाडले गेले. पुरवठादार म्हणाला, तापमानामुळे फरक पडतो. डिझेल अंशामागे साधारण ०.०८ टक्के प्रसरण पावते. दोन टक्क्यांसाठी जवळपास २५ अंशांचा फरक लागेल, आणि तोही रोज!

वजनमापे कार्यालयात गेलो तर मीटर तुमचा, आकडा बदलताना तुम्ही हजर, मग तक्रार कसली, असे ऐकवण्यात आले. पोलिसांनी हा व्यवहारातला वाद ठरवून पुन्हा त्याच कार्यालयाकडे पाठवले. तिथे आता पुरावा म्हणून ते माप मागतात, जे तंत्रज्ञ त्याच दिवशी उचलून घेऊन गेला! ते जप्त करण्याचा अधिकार माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे, हे लेखी कळवूनही उत्तर नाही. काट्यावरच्या वजनांची छायाचित्रे कोणी पाहायलाही तयार नाही.

मापाचा क्रमांक त्याच्या प्रमाणपत्राशी जुळवून पाहा. जुन्या पल्स-आकड्याचे छायाचित्र काढून ठेवा. ज्याला तुमच्या मीटरच्या आकड्यावर पैसे मिळतात, त्याच्या माणसाकडून कॅलिब्रेशन करून घेऊ नका, मोफत असले तरी. मी मीटरमध्ये पुन्हा ५० घातले आहेत आणि सेटिंगचा पासवर्ड बदलला आहे.