घरी वापरायचं फीटल डॉपलर: सहाव्या महिन्यापासून बाळंतपणापर्यंत

पोटातल्या बाळाचे ठोके ऐकवणारं हे यंत्र वाईट नाही. पण बायका ते ज्यासाठी विकत घेतात, म्हणजे बाळ बरं आहे ना हे कळावं म्हणून, ते काम त्याच्याकडून होत नाही. घाईत असाल तर एवढं वाचून थांबलात तरी चालेल.

सासर मांजलपूरला, माहेर दांडिया बाजारात, म्हणजे बाळंतपण बडोद्यातल्या बडोद्यातच. यंत्र ऑनलाइन मागवलं, अडीच हजारांच्या आसपास पडलं. मुठीत मावेल एवढा डबा, वायरीच्या टोकाला पोटावर टेकवायचा प्रोब, छोट्या स्क्रीनवर मिनिटाला किती ठोके तो आकडा. सोबतची जेलची बाटली लगेच संपते. औषधाच्या दुकानात सोनोग्राफीचं जेल मिळतं, ते आणा.

ठोका शोधायला सुरुवातीला फार वेळ लागायचा. तो बाळाच्या पाठीच्या बाजूने सगळ्यात स्पष्ट येतो, हे कळल्यावर काम सोपं झालं. डोकं खाली असेल तर बेंबीच्या खाली एका बाजूला, पायाळू असेल तर बेंबीच्या आसपास किंवा वर. सूं-सूं असा वाऱ्यासारखा आवाज आला आणि स्क्रीनवर ८०-८५ दिसलं, तर ती तुमचीच नाडी. मी दुसऱ्या हाताने मनगट धरून ठेवायचे. शेवटच्या महिन्यांत बाळाचा ठोका साधारण ११० ते १६० मध्ये असतो. पण आईला ताप असेल किंवा ती घाबरली असेल तर तिचीच नाडी १२० वर जाते, आणि यंत्र तोच आकडा बाळाचा म्हणून दाखवतं. मला यातला हाच धोका सगळ्यात मोठा वाटतो.

शेजारच्या बेनना आकडा दिसला की त्या लगेच निदान करायच्या: १४० च्या वर, म्हणजे मुलगी. याला काहीही आधार नाही. एकाच बाळाचा ठोका झोपेत १३० आणि लाथा मारताना १५५ होतो. मग दर तासाला मुलगा-मुलगी बदलायची का?

आता मुख्य गोष्ट. आठव्या महिन्यापासून डॉक्टरांनी हालचाली लिहून ठेवायला सांगितल्या. रात्री जेवून डाव्या कुशीवर पडायचं आणि दहा हालचाली मोजायच्या. लाथ, वळणं, ढकलणं, सगळं धरायचं. उचकी मात्र धरायची नाही. दोन तासांत दहा झाल्या नाहीत तर फोन करायचा. बहुतेक दिवशी दहा पटकन व्हायच्या. पण खरा उपयोग आकड्याचा नाही, बाळाची सवय कळण्याचा. आमचं बाळ दुपारी शांत, रात्री जोरात. नवरात्रात सोसायटीच्या गरब्याचा ढोल सुरू झाला की हमखास दचकायचं.

ही सवय म्हणजे आईच्या मनाचे खेळ नव्हेत. १९८२ साली नेदरलँड्समध्ये नाइहाउस, प्रेख्टल आणि सहकाऱ्यांनी पोटातल्या बाळाच्या चार अवस्था मांडल्या: शांत झोप, हालचालीची झोप, शांत जाग आणि धडपडीची जाग. डोळ्यांची हालचाल, अंगाची हालचाल आणि ठोक्याचा आलेख एकत्र पाहून त्या ठरवल्या, आणि छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास त्या नीट वेगळ्या दिसू लागतात. शांत झोप बहुधा वीस ते चाळीस मिनिटांची. म्हणून अर्धा तास बाळ हललं नाही तर लगेच घाबरायचं नाही. पण 'शेवटी जागा उरत नाही, म्हणून बाळ कमी हलतं' हे मावशी-आत्यांचं म्हणणं चूक आहे. हालचालीची तऱ्हा बदलते, ती कमी व्हायला नको.

नववा लागल्यावर एका संध्याकाळी जेवणानंतरचा धिंगाणा झालाच नाही. गार पाणी प्यायले, कुशीवर पडले. दोन तासांत चार-पाच हालचाली, त्याही आळसटलेल्या. आईने डॉपलर आणून दिलं. १३८. "ठोके छान आहेत गं, सकाळी जाऊ." मी ऐकलं नाही. फोनवर सिस्टरने पहिलंच विचारलं, "बेन, बाळक फरके छे?" (बाळ हलतंय का?) १३८ तिने ऐकूनही घेतलं नाही.

दवाखान्यात एनएसटी केली, म्हणजे बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढला. त्यासाठी पोटावर दोन पट्टे बांधतात, एक ठोक्यासाठी, एक कळांसाठी. बत्तीस आठवड्यांनंतर वीस मिनिटांत निदान दोनदा ठोका पंधराने वाढून पंधरा सेकंद टिकला, की आलेख चांगला. आमची पहिली वीस मिनिटं जवळजवळ सपाट. (गोड खाल्लं की बाळ उठतं म्हणून आईने पेढा पुढे केला, पण आईने गोड खाल्ल्याने आलेख सुधारतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. पेढा मी खाल्लाच.) मग सिस्टरने पोटावर बझर लावला, बाळ दचकलं, रेघ वर चढली. स्वारी झोपली होती. सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी पाहिलं, तेही पुरेसं होतं.

डॉक्टरांनी समजावलं ते असं: ऑक्सिजन कमी पडू लागला की बाळ शक्ती वाचवायला आधी हालचाल आवरतं, हृदय पुढेही बराच काळ चालत राहतं. घरच्या डॉपलरवर ठोका ऐकू येतो तो या मधल्या काळातही. हालचालीबरोबर ठोका चढतो का, हे त्या एका आकड्यात कळत नाही. औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २०१४ मध्ये अशी यंत्रं घरी वापरू नका असं सांगितलं, ते मला पटतं. हालचालींच्या वहीलाही जादू समजू नका. २०१८ मध्ये ब्रिटन-आयर्लंडमधला चार लाखांवर गर्भारपणांचा अभ्यास आला. हालचालींबद्दल आयांना जागरूक केल्याने मृतजन्म ठळकपणे कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही. तरी हालचाल मंदावली तर थांबू नये, यावर कुणाचं दुमत नाही.

यंत्राला पाचपैकी अडीच. नवऱ्याला आणि सासूबाईंना फोनवर ठोका ऐकवला, तेवढा आनंद खरा. घ्यायचंच असेल तर स्क्रीनवालं घ्या, एका वेळी दोन-चार मिनिटांवर वापरू नका, प्रोब लगेच पुसा, आणि वापर संपला की सेल काढून ठेवा. माझे आत गळलेत.