नव्वदच्या दशकातल्या एटी कॅबिनेटमध्ये आजचा पीसी: एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यानंतर

कॅबिनेट बेज रंगाचा मिडी टॉवर, एटी म्हणजे पीसीच्या बोर्डाच्या जुन्या मापाचा. पुढे टर्बोचं बटण, दोन आकडी मेगाहर्ट्झचा डिस्प्ले, गोल किल्लीचं कुलूप आणि दाबलं की खट्ट आवाज करणारं पॉवरचं जाड बटण. कोल्हापुरातल्या एका हिशेबनिसाच्या ऑफिसातून भंगारात निघालेलं. आतला ४८६ प्रोसेसरचा बोर्ड एका हौशी मित्राने नेला, रिकामा डबा माझ्याकडे राहिला. त्यात रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, मायक्रो एटीएक्स बोर्ड (आजच्या एटीएक्स मापाचा लहान प्रकार), १६ जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी आणि ४५० वॅटचा पीएसयू (वीजपुरवठ्याची पेटी) बसवला. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. गेल्या थंडीपासून लग्नपत्रिकांचं डीटीपी, फोटो आणि मधूनमधून व्हिडिओ, असं सगळं रोज याच्यावरच चालतं.

आधी निकाल सांगून टाकतो. डबा उत्तम आहे, पत्रा आजच्या स्वस्त कॅबिनेटच्या दुप्पट जाड आहे, आणि मला तो टेबलावरून हलवायचा नाही. पण ज्याला स्क्रूड्रायव्हरच्या पलीकडे काही हातात धरायचं नाही, त्याने या वाटेला जाऊ नये. आणि माप जुळवणं हा यातला अवघड भाग नाहीच. अवघड आहे ते हवा खेळवणं आणि पॉवरचं बटण.

मापाचं आधी उरकतो. बेबी एटी बोर्ड मागच्या कडेला २१६ मिलिमीटर आणि आत ३३० मिलिमीटर. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स आणलं तेव्हा हा आडवा-उभा हिशोब फिरवला: मागची कड ३०५, खोली २४४. मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४. म्हणजे जुन्या डब्यात खोलीला जागाच जागा आणि उंचीला २८ मिलिमीटरची टंचाई. वर पीएसयू आडवा बसलेला असतो, त्याच्या पोटाखाली बोर्डाची वरची कड सरकवावी लागते, आणि नेमका त्याच कडेला प्रोसेसरच्या पॉवरचा आठ पिनांचा कनेक्टर असतो. मिनी आयटीएक्स घेतला तर १७० मिलिमीटरमध्ये सगळं मिटतं, पण आपल्याकडे त्या बोर्डांचे भाव बघून मी तो विचार सोडला.

मागच्या बाजूला एटी डब्यात बोर्डासाठी एकच गोल भोक असतं, कीबोर्डच्या जाड डिन पिनचं. यूएसबी, एचडीएमआय, लॅन या सगळ्यांना १५८.७५ बाय ४४.४५ मिलिमीटरची चौकोनी खिडकी लागते. नुसती खिडकी कापून स्टँडऑफची (बोर्ड ज्यांवर बसतो त्या छोट्या खांबांची) भोकं मापून पाडणारे लोक आहेत, त्यांना माझा नमस्कार. मी मेलेलं एटीएक्स कॅबिनेट उचललं, त्याचा बोर्डाचा ट्रे आणि मागच्या पत्र्याचा खिडकी-स्लॉटसकटचा तुकडा अखंड कापून घेतला आणि जुन्या डब्यात पॉप रिव्हेटने ठोकला. खिडकी, स्टँडऑफ, स्लॉट यांचं आपसातलं अंतर कारखान्यातूनच बरोबर आलेलं असतं. शिवाय ट्रे किती खाली बसवायचा ते आपल्या हातात राहतं, त्यामुळे त्या २८ मिलिमीटरमधले बरेचसे खालूनच वसूल झाले. उरलेल्या फटीत आठ पिनांची वायर बोर्ड आत सरकवण्याआधी लावून ठेवायची, नंतर तिथे बोट जात नाही.

गंमत म्हणजे कार्डाच्या स्लॉटमध्ये काहीच बदललेलं नाही. आयबीएमच्या पहिल्या पीसीत दोन स्लॉटमध्ये एक इंच अंतर होतं. त्यांच्याच १९८३ च्या एक्सटी मॉडेलात ते ०.८ इंच झालं आणि आजचं ग्राफिक्स कार्डही त्याच ०.८ इंचावर बसतं. पीएसयूचंही तसंच. माझ्या डब्यात उत्तरार्धातला बुटका एटी पीएसयू होता, १५० बाय ८६ बाय १४० मिलिमीटर. एटीएक्सने तेच माप उचललं, त्यामुळे नवा पीएसयू जुन्याच चार भोकांत बसला. त्याआधीचा उंच पीएसयू असलेला डबा मिळाला तर मात्र मागे पट्टी कापून लावावी लागेल.

कापाकापी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरकडे केली. त्याने डबा उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, “सायेब, हे कशाला? नवा घ्या की दोन हजारात.” मग ग्राइंडर लावला, ठिणग्या बघितल्या आणि स्वतःच म्हणाला, “पत्रा मात्र जुनाच. आता असला येत न्हाई.” त्यानंतर कानस त्याने माझ्याहून जास्त मन लावून मारली. पैसेही फार घेतले नाहीत.

आता बटण. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी असा डबा उघडणार असेल तर इथे थांबून वाचा. एटी मशीनमध्ये पुढच्या बटणापर्यंत थेट घरचे २३० व्होल्ट येतात. पीएसयूतून जाड काळी केबल निघते, आत चार वायरी, त्या बटणाच्या पाठीला. मशीन सॉफ्टवेअरने बंद करता येत नसे म्हणून तर विंडोज ९५ शेवटी नारिंगी अक्षरांत ‘आता बंद केलं तरी चालेल’ असं सांगून थांबायचं. एटीएक्समध्ये पीएसयू कायम ५ व्होल्टचा स्टँडबाय देत राहतो आणि बटण फक्त बोर्डावरच्या दोन पिना क्षणभर जोडतं. तेव्हा ती जुनी केबल मुळापासून काढून टाकायची.

पण बटणाचा साचा ठेवावाच लागतो, कारण पुढची बेज टोपी त्याच्याच दांड्यावर बसते. आणि ते बटण आत अडकून राहणारं असतं. एटीएक्सला चार सेकंद बटण दाबलेलं दिसलं की तो मशीन जबरदस्तीने बंद करतो. उपाय साधा आहे. बटणाच्या पाठीवर केसाच्या पिनेसारखी बारीक वाकडी तार असते, खाचेत फिरणारी. ती चिमट्याने ओढून काढली की बटण दाबून लगेच वर येतं. बोर्डाच्या पिनांना दोन वायरी जोडल्या, मस्त चाललं.

जूनपर्यंत. मग सकाळी बटण दोनतीनदा दाबावं लागायला लागलं. बोर्ड ठीक, वायरी ठीक. कारण बटणाच्या आतच होतं: हे संपर्क-बिंदू भरपूर करंट तोडण्या-जोडण्यासाठी बनवलेले. जुन्या काळी दर वेळच्या छोट्याशा ठिणगीने त्यांच्यावरचा ऑक्साइडचा थर जळून जायचा. आता त्यातून नाममात्र करंट जातो, थर साफ होत नाही, त्यात पावसाळी हवा. आता टोपीच्या मागे माउसच्या क्लिकमध्ये असतो तसला छोटा मायक्रोस्विच बसवलाय, जुन्या बटणाचं काम फक्त दांडा मागेपुढे करणं. खट्ट आवाज गेला याचं वाईट वाटतं, पण मशीन एका दाबात चालू होतं.

टर्बोचं बटण मात्र माझं सगळ्यात लाडकं. नाव टर्बो असलं तरी त्याचं खरं काम वेग कमी करण्याचं होतं, ४.७७ मेगाहर्ट्झवर लिहिलेले खेळ नव्या मशीनवर सुसाट पळायचे, त्यांना आवर घालायला. शेजारचा डिस्प्लेही काही मोजत नाही, मागच्या जंपरने (पिना जोडणाऱ्या छोट्या तुकड्याने) जो आकडा लावाल तो दाखवतो, ६६ आणि ३३ वगैरे. जंपर फिरवून मी त्यावर ‘एचआय’ आणि ‘एलओ’ ही इंग्रजी अक्षरं आणली. हे बटण दुहेरी असतं, दोन स्वतंत्र सर्किट एकदम बदलतं. एकावर डिस्प्ले, दुसऱ्यावर पुढचा फॅन: एका बाजूला पिवळ्या वायरीतले १२ व्होल्ट, दुसऱ्या बाजूला लाल वायरीतले ५. व्हिडिओ रेंडरला लावला की टर्बो दाबायचा, काम झालं की सोडायचा. ५ व्होल्टवर प्रत्येक फॅन थांबलेल्या अवस्थेतून सुरू होत नाही, म्हणून दुकानातच लावून बघून घेतला. कुलपाच्या दोन वायरी पॉवर बटणाच्या वायरीत मालिकेत जोडल्या. किल्ली काढून खिशात टाकली की घरातल्या लहान मंडळींना मशीन सुरू करता येत नाही. यावर घरात नाराजी आहे.

आणि हवा. ४८६ डीएक्स२ सारखा प्रोसेसर पाच-सात वॅट खायचा. पीएसयूचा एक फॅन आतली गरम हवा बाहेर ओढायचा आणि तेवढं पुरायचं. म्हणून या डब्यांना पुढून हवा आत यायला वाटच ठेवलेली नसते. ५६००जी ६५ वॅटचा, आणि बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये ताण आला की ८८ वॅटपर्यंत जातो. थंडीत काही जाणवलं नाही. एप्रिलमध्ये खोलीच छत्तीस-सदतिसावर गेली आणि रेंडर करताना प्रोसेसर नव्वदीला टेकला. याची मर्यादा ९५ अंशांची.

त्यावर तीन गोष्टी केल्या. बायोसमध्ये ४५ वॅटचा इको मोड लावला. डीटीपीत काडीचा फरक नाही, व्हिडिओला जरा जास्त वेळ लागतो. एसएसडी बोर्डावरच असल्यामुळे हार्ड डिस्कचा पिंजरा रिव्हेट उडवून काढून टाकला. आणि सव्वापाच इंची बेची (पुढच्या सीडी ड्राइव्हच्या जागेची) उंची ४१.३ मिलिमीटर असते, दोन बे मिळून ८० मिलिमीटरचा फॅन नेमका बसतो. या दोन बेच्या मागचा पत्रा तोडला, फॅन लावला आणि पुढची प्लास्टिकची झाकणं वॉशर घालून चारेक मिलिमीटर पुढे आणली. कडेने हवा आत जाते आणि समोरून बघणाऱ्याला डबा जसाच्या तसा दिसतो. त्यानंतर मे महिन्यातही प्रोसेसर ऐंशीच्या आत राहिला. वर पीएसयूचा १२० चा फॅन प्रोसेसरच्या आसपासची हवा ओढून मागे फेकतो, म्हणजे सगळी उष्णता शेवटी पीएसयूच्या माथी. म्हणून गरजेपेक्षा मोठा पीएसयू घेतला. यात तगडं ग्राफिक्स कार्ड घालायचा विचार असेल तर माझं मत स्पष्ट आहे: घालू नका.

धूळ अपेक्षेपेक्षा कमी, कारण आत यायची वाट एकच आणि तिथे जाळी आहे. पण साफ करायचं म्हटलं की खरा वैताग सुरू होतो. आजच्यासारखी एका बाजूची काच किंवा दार नाही; तिन्ही बाजूंचं एकच झाकण मागून सहा स्क्रू काढून काडेपेटीसारखं सरकवायचं, म्हणजे आधी मागच्या सगळ्या केबल काढा. शिवाय ते झाकण फॅनबरोबर गुणगुणतं. कडांना फोमची पट्टी लावल्यावर थांबलं.

अर्थिंगकडे नीट बघा. घरात तिसऱ्या पिनेला खरी अर्थिंग नसेल तर पीएसयूच्या फिल्टरमधल्या कपॅसिटरमुळे डब्यावर साधारण निम्मे, ११५ च्या आसपास व्होल्ट चढतात. करंट अगदी किरकोळ, पण उघड्या स्क्रूला हात लागला की झिणझिण्या. आपला ट्रे बाहेरून आणून ठोकलेला, मध्ये रंगाचा थर. रिव्हेटच्या जागचा आणि पीएसयूच्या स्क्रूखालचा रंग खरवडून मल्टिमीटर लावला. ट्रेपासून प्लगच्या अर्थ पिनेपर्यंत एक ओहमच्या आत आलं तेव्हाच बोर्ड बसवला. कापलेल्या कडांना रेड ऑक्साइड मारलंच होतं, तरी ऑगस्टमध्ये दोन रिव्हेटभोवती तांबूस कडं दिसलं. कोल्हापूरचा पाऊस. परत एक हात मारला.

पिवळेपणाबद्दल थोडंसं. प्लास्टिकमधल्या ब्रोमीनयुक्त अग्निरोधकामुळे तो येतो असं मानतात. ब्यूटी पार्लरच्या दुकानातलं १२ टक्के पेरॉक्साइडचं क्रीम लावून, वर पातळ प्लास्टिक गुंडाळून मार्चच्या उन्हात ठेवलं की पुढचा भाग गोरा होतो. माझा झाला. आता पुन्हा किंचित पिवळा दिसायला लागलाय, आणि खरं सांगायचं तर मला तो तसाच बरा वाटतो.

भंगारात असा डबा दिसला तर टेप घेऊन जा. पीएसयूच्या खालच्या कडेपासून तळापर्यंत किती जागा आहे ते मोजा; २४४ च्या वर जितकी जास्त तितकं डोकं कमी खाल्लं जाईल. पुढची टोपी आणि डिस्प्ले शाबूत आहेत का बघा, ते सुटे मिळत नाहीत. किल्ली नसेल तर घासाघीस करा. आणि आतला जुना पीएसयू काढूनच वजन करायला सांगा, भंगारवाला तो आत ठेवूनच काट्यावर चढवतो.